पट्टेरी पानांची क्लिव्हिया: साताऱ्यात फुलते, फक्त तिला घराबाहेर काढा

सातारी कंदी

क्लिव्हिया साताऱ्यात जगते पण फुलत नाही, तिला पाचगणी-महाबळेश्वरचीच हवा लागते, असं नर्सरीवाल्यापासून आमच्या आत्यापर्यंत सगळे छातीठोकपणे सांगतात. आमची पट्टेरी क्लिव्हिया सातारा शहरातच आहे, राजवाड्याजवळच्या जुन्या पेठेत, आणि शिमग्याच्या आगेमागे फुलते. इथे झाडवेडे बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: क्लिव्हिया मिनिएटा मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातली, जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. अमरॅलिस आणि स्पायडर लिलीच्या कुळातली, पण हिला कांदा नसतो. मुळं जाड, पांढरट आणि मांसल. पानं समोरासमोर दोन रांगांत येतात, पंखा उघडल्यासारखी. मधून जाड दांडा निघतो आणि त्यावर केशरी फुलांचा झुपका, प्रत्येक फुलाचा गळा पिवळा. पट्टेरी प्रकारात पानांवर उभे पांढरे किंवा फिकट पिवळे पट्टे असतात. फुलं नसली तरी झाड वर्षभर बघत बसावं असं दिसतं. हा प्रकार महाग आणि दुर्मिळ, कारण हिरव्यापेक्षा हळू वाढतो आणि बियांपासून पट्टे येतीलच याची खात्री नसते.

आता थंडीचं. क्लिव्हियाच्या मूळ गावी पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा, गार असतो. म्हणजे आपल्यासारखंच. फुलाचा दांडा नीट यायचा तर साधारण सहा ते आठ आठवडे रात्रीचं तापमान १० ते १३ अंशांच्या आसपास हवं. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ पर्यंत सहज उतरतो. मग अडतं कुठे? आपण झाड 'इनडोअर प्लँट' म्हणून हॉलमध्ये ठेवतो तिथे. दिवसभर तापलेला स्लॅब, बंद खिडक्या, शेजारी स्वयंपाकघर. अंगणात १२ अंश असताना हॉलमध्ये २० असतात. थंडी गावात आहे, झाडापर्यंत पोचतच नाही.

आमच्याकडे दिवाळी आटोपली की कुंडी पूर्वेकडच्या ओट्यावर जाते. वर पत्रा आहे, त्यामुळे अवकाळी पाऊस आणि थेट ऊन दोन्ही टळतं. सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तर चालतं. पाणी जवळजवळ बंद: पानं अगदीच मलूल वाटली तर कुंडीच्या कडेने पेलाभर. खत पूर्ण बंद. संक्रांतीनंतर पानांच्या मधोमध कळ्यांचं टोक दिसू लागतं. इथेच लोक घाई करतात. टोक दिसलं की आनंदाने भरपूर पाणी देतात, झाड घरात आणतात, आणि दांडा आखूड राहून फुलं पानांच्या बेचक्यातच उमलतात. दांडा चार-पाच बोटं वर येईपर्यंत झाड गारच राहू द्यायचं. मग पाणी, मग खत, मग दिवाणखान्यात मिरवा हवं तेवढं.

विचारा काय विचारायचं ते.

पानवेडी

किती छान लिहिलंय! मी कराडची. माझ्याकडे नर्सरीतून आणलेली 'व्हेरिगेटेड क्लिव्हिया' आहे. पानांच्या कडा पांढऱ्या, मधे हिरवी. कुंडी बदलताना खाली कांदा दिसला. फुलं पांढरी येतात, लांब पाकळ्यांची. ही तुमच्यासारखी केशरी कधी होणार?

सातारी कंदी

@पानवेडी, कधीच नाही. :) ती पट्टेरी स्पायडर लिली आहे. कांदा दिसला तिथेच विषय संपला. वाईट वाटून घेऊ नका, तीही देखणी असते आणि तिला थंडीचे लाड लागत नाहीत. भर उन्हात, ओल्या जमिनीत मजेत राहते. क्लिव्हियाला तशी ठेवली तर आठवड्यात पानं भाजतील.

माणदेशी

म्हंजे आमच्या डाळिंबावानी ताण द्यायचा म्हणा की! आटपाडीकडं बहार धरायचा म्हटलं की आदी पाणी तोडतोय आमी. झाडाला वाटलं पायजे की आता काय खरं न्हाय, मग ते फूल काढतंय. पण डाळिंबाची पानं गळंस्तोवर ताण देतोय. हिला किती द्यायचा?

सातारी कंदी

@माणदेशी दादा, बरोबर पकडलंत, पण फरक मोठा आहे. डाळिंबाची पानगळ झाली तर पुन्हा नवी पालवी येते. क्लिव्हिया सदाहरित, तिची पानं गेली की गेली, नवं पान यायला महिने लागतात. हिच्या मुळांत पाण्याचा साठा असतो, त्यावर ती महिनाभर सहज काढते. पानं ताठ आहेत तोवर हात आखडता, लवायला लागली की थोडं पाणी. शिवाय हिला नुसता पाण्याचा ताण पुरत नाही, सोबत रात्रीचा गारवा लागतोच.

विश्रामबागकर

सांगलीहून. आमच्याकडे पट्टेरी क्लिव्हिया बरीच वर्षं आहे, एकदाही फूल नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, झाड हॉलच्या खिडकीत. सौभाग्यवतींचा प्रश्न: रात्री एसीच्या खोलीत ठेवली तर? आणि माझा प्रश्न, हसू नका: फ्रीज?

वेण्णाकाठ

@विश्रामबागकर, फ्रीज नको. आत अंधार आणि चार-पाच अंश, म्हणजे एकदम टोकाची थंडी. क्लिव्हिया कांद्यासारखी झोपी जात नाही, तिला हिवाळ्यातही उजेड लागतो. कंद फ्रीजमध्ये ठेवतात ते ट्युलिपचे. एसी १६-१८ च्या खाली सहसा जात नाही, त्यामुळे लाइट बिल येईल, फूल नाही. थंडीत एसी लावून बसलेलं कुटुंब पाहून शेजारी काय म्हणतील ते वेगळंच.

उंचीचा हिशोब सांगतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर, सातारा ७०० च्या आसपास, सांगली ५५० च्या. हजार मीटर चढलं की हवा ढोबळमानाने सहा-साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे सातारा-सांगलीत नुसत्या उंचीने एका अंशाचाच फरक. सांगलीतही थंडीच्या लाटेत पहाटे कडाका असतोच. तुमच्या झाडाला तो मिळत नाही, कारण ते काचेच्या आत आहे. उत्तरेची किंवा पूर्वेची गॅलरी असेल तर तिथे ठेवा.

आता आमच्याकडचं खरं ऐका. सगळ्यांना वाटतं महाबळेश्वर म्हणजे क्लिव्हियाचं माहेर. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जूनपासून धुकं घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत, आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की क्लिव्हियाचा गाभा सडतो. घाण वास येतो, पान हलकेच ओढलं तरी हातात येतं. पट्टेरी झाडाची पांढरी पेशी जास्तच नाजूक, तिथून सड आधी सुरू होते. हिवाळ्यात उलटा प्रकार: वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला खोलगट भागात गार हवा साठते, काही पहाटे दवबिंदू गोठतात. क्लिव्हियाला गोठणं अजिबात सोसत नाही. आम्ही पावसाळ्यात आणि कडाक्यातल्या रात्री, दोन्ही वेळा कुंड्या आडोशाला घेतो. खरं सांगायचं तर सातारा शहर हिच्यासाठी आमच्यापेक्षा सोयीचं आहे.

पानवेडी

हे नवीनच कळलं. मी तर महाबळेश्वरला बदली मागायच्या विचारात होते. :D

बेदाणा

तासगाव भागातून. आमची द्राक्षबाग आहे, घरी आईने क्लिव्हिया ठेवलीय. साधी हिरवी आणि एक पट्टेरी. थंडीचं वर आलंच आहे, मी शत्रूचं सांगतो: मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. बागेत वेलीच्या सालीखाली लपतो, क्लिव्हियात पानांच्या बुडाशी, जिथे दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. वरून झाड स्वच्छ दिसतं. पान जरा बाजूला करून बघितलं तर आत पांढरा कापूस. मुंग्यांची ये-जा दिसली तर समजा की आत तो आहेच.

फवारणी आतपर्यंत पोचत नाही. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेक काढायचा. कुंड्या थोड्या असतील तर हेच बरं. नंतर निंबोळी तेलाचं पाणी, त्यात चमचाभर पातळ साबण, संध्याकाळी. उन्हात निंबोळी तेल मारलं तर पांढऱ्या पट्ट्यांवर डाग पडतात. बागेतली औषधं घरातल्या कुंडीवर मारू नका, आमच्या गावात काही जण मारतात म्हणून सांगतोय. आणि पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन बघा: लिलीवर पडणारी काळी, पांढऱ्या ठिपक्यांची अळी क्लिव्हियावरही येते. पानाच्या आत शिरून पोखरते आणि दोन रात्रींत पान जाळीदार करून टाकते. ती हाताने वेचायची.

हरितगंध

पट्टे फिके पडले तर एप्सम सॉल्ट द्या. महिन्यातून एकदा चमचाभर. पट्टे परत येतात. माझा अनुभव.

ताम्हण

@हरितगंध, असहमत. पट्टे हा खतांचा परिणाम नाही. पांढऱ्या भागातल्या पेशींमध्ये हरितलवकं (पानाला हिरवा रंग देणारे पेशीतले कण) नीट बनतच नाहीत, आणि ही गोष्ट वाढीच्या टोकाशी, म्हणजे जिथून नवं पान निघतं तिथे ठरलेली असते. तिथे हिरव्या आणि पांढऱ्या पेशींचं जसं मिश्रण, तसं पान. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं. ते कमी असेल तर पान पिवळं पडतं, ते दिल्यावर हिरवा भाग पुन्हा हिरवा होतो, म्हणून पट्टे उठून दिसतात. बहुधा तुम्ही तेच पाहिलं असेल.

याच कारणाने रोप घेताना फक्त सर्वात देखणं पान बघू नका, दोन्ही रांगा बघा. कधी कधी एका बाजूची पानं जवळजवळ पांढरी आणि दुसऱ्या बाजूची हिरवी असतात. असं झाड जगतं, कारण हिरवी बाजू पोसते, पण त्याला येणारी पिल्लं, म्हणजे बुडातून फुटणारी नवी रोपं, कुठल्या बाजूला फुटली त्यावर नशीब ठरतं. हिरव्या बाजूचं पिल्लू पूर्ण हिरवं निघू शकतं. पूर्ण पांढरं पिल्लू आईला जोडलेलं आहे तोवर जगतं, वेगळं केलं की उपाशी मरतं. इंटरनेटवर पांढऱ्याशुभ्र क्लिव्हियाचे फोटो टाकून चार आकडी किंमत लावतात, त्या नादाला लागू नका. बारीक बारीक पट्टे, दोन्ही रांगांत सारखे विखुरलेले, हे झाड टिकतं.

हरितगंध

ठीक आहे, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. आमच्याकडे तरी फरक पडला.

विश्रामबागकर

@ताम्हण, बियांपासून करता येते का? ऑनलाइन 'रेअर ब्लू व्हेरिगेटेड क्लिव्हिया'ची पाकिटं मिळतात. शंभर बिया, स्वस्तात.

ताम्हण

निळी क्लिव्हिया अस्तित्वात नाही. केशरी, पिवळी, पीच, लालसर, आणि काही हिरवट छटा, एवढंच. शिवाय पाकिटात वाळलेली बी आली की ओळखा, फसवणूक आहे. क्लिव्हियाची बी वाटाण्याएवढी, ओलसर आणि मांसल असते, सुकली की मेली. फळ पिकायला साधारण नऊ-दहा महिने लागतात. केशरी फुलाचं फळ लाल होतं, पिवळ्या फुलाचं पिवळं. बी काढून त्यावरचं पातळ साल धुऊन लगेच पेरायची, अर्धी वर ठेवून. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा मॉसवर महिना-दीड महिन्यात मूळ निघतं. फूल यायला त्यानंतर चारेक वर्षं, पट्टेरीला आणखी जास्त.

पट्टे हवेत तर पट्टेरी झाड आई हवं. हरितलवकं बीजांडातून, आईकडूनच येतात, परागकण कितीही पट्टेरी झाडाचे असोत. आणि आईच्या झाडावरही फुलाचा दांडा किंवा फळ स्वतः पट्टेरी असेल तर त्यातल्या बियांची आशा जास्त. तरी एका दाण्यातून हिरवं, दुसऱ्यातून पट्टेरी, तिसऱ्यातून पांढरं निघतं. पांढरं रोप बीमधला साठा संपेपर्यंत टिकतं.

वेण्णाकाठ

अवांतर: चीनमध्ये चांगचुन नावाच्या शहरात १९८० च्या दशकात क्लिव्हियाचं इतकं वेड लागलं होतं की एकेका रोपासाठी लोक अवाच्या सवा पैसे मोजत. १९८४ मध्ये ते शहराचं अधिकृत फूल झालं आणि पुढच्याच वर्षी भाव धाडकन कोसळले. तिथल्या थंडीत झाड बाहेर जगूच शकत नाही, सगळा कारभार घरातला. आखूड, रुंद, जाड पानं हाच त्यांच्याकडे सौंदर्याचा निकष, फूल दुय्यम.

अति अवांतर: क्लिव्हिया हे नाव जिच्या सन्मानार्थ दिलं गेलं ती क्लाइव्ह घराण्यातली, प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हची नात. १८२८ साली हा मान मिळाला. बाप मद्रासचा गव्हर्नर होता, त्यामुळे तिच्या लहानपणाचा काही काळ इकडेच गेला.

माणदेशी

क्लाइव्हची नात व्हय? मग हिला ताण द्यायला आता जास्तच मजा येणार.

पानवेडी

:D :D

कुंडीत काय भरायचं ते कुणीच सांगितलं नाही. आता खरी क्लिव्हिया आणणार आहे मी.

सातारी कंदी

@पानवेडी, काळ्या मातीला हातही लावू नका. हिची मुळं ऑर्किडसारखी, हवा मागणारी. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, चांगला कुजलेला पालापाचोळा, विटांचे किंवा जांभ्याचे बारीक खडे आणि थोडा लाकडी कोळसा घेतो. कोकोपीट अगदी मूठभर. नुसत्या कोकोपीटमध्ये पावसाळ्यात मुळं कुजतात. वर्षातून दोनदा, फुलं गेल्यावर आणि पावसाळा संपताना, जुनं शेणखत वरून पसरतो. पाणी घातल्यावर ते खालून लगेच निथळलं पाहिजे.

कुंडी तंगच घ्या. मुळं दाटीवाटीने भरली की ती खूश असते, मोठ्या कुंडीत टाकली तर नुसती मुळं वाढवत बसते. कुंडी बदलायची ती तीन-चार वर्षांनी, फुलं झाल्यावर. जांभ्याचे खडे म्हणून कासच्या पठारावरून काही उचलून आणू नका. ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि तसंही बांधकामाच्या कडेला हवे तेवढे मिळतात.

मातीची कुंडी चांगली श्वास घेते पण मुळं तिच्या भिंतीला चिकटतात, काढताना तुटतात. मी हल्ली प्लॅस्टिकची घेतो. आईला आवडत नाही.

बेदाणा

घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर एक लक्षात ठेवा. झाडाच्या सगळ्या भागांत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, मुळांत जास्त. खाल्लं तर उलट्या, जुलाब. पिकलेली लाल फळं पोरांना बोरासारखी दिसतात. आमच्याकडे शेळी आहे, म्हणून कुंड्या माडीवर.

विश्रामबागकर

वरचं सगळं वाचून कमाल-किमान तापमापक आणला. रात्री हॉलमध्ये किमान २१, उत्तरेच्या गॅलरीत १४. सौ. म्हणतात १० च्या खाली नाही तर काय उपयोग?

वेण्णाकाठ

१४ वर काम भागतं. दांडा कदाचित जरा आखूड राहील, पण हॉलमधल्या २१ वर इतकी वर्षं काय मिळालं ते तुम्हीच सांगितलंत. आणि कडाक्याच्या लाटेत तो आकडा अजून खाली येईल. दिवसा गॅलरीत तापतं का तेवढं बघा. एसीचं बाहेरचं युनिट असेल किंवा समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन परावर्तित होत असेल तर जाडसर हिरव्या शेडनेटचा तुकडा लावा.

सातारी कंदी

@विश्रामबागकर, पानं मोजलीत का? एका बाजूला सहा-सात, मिळून बारा-चौदा किंवा जास्त असतील तर झाड वयात आलंय, फुलायला हरकत नाही. त्याहून कमी असतील तर यंदा थंडी देऊनही दांडा येणार नाही, नुसतं झाड बळकट करा.

विश्रामबागकर

मोजली. सोळा. एका बाजूच्या खालच्या दोन पानांची टोकं तपकिरी झाली आहेत. कापू का?

सातारी कंदी

मग आशा आहे. टोकं कापायची तर फक्त वाळलेला भाग, हिरव्याला धक्का न लावता, आणि कात्री आधी स्पिरिटने पुसून. बोअरचं क्षाराचं पाणी देत असाल तर टोकं तपकिरी होतातच. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं द्या. आणि गॅलरीत जास्वंद असेल तर कुंडी तिच्यापासून लांब ठेवा, मिलीबग तिच्यावरूनच येतो.